चुंबकीय वादळे आणि प्रारण पट्टे : प्रकल्प नोंदी, २०२४-२५

१८ जून २०२४

तृतीय वर्ष बीएस्सीच्या दोघी यंदा माझ्याकडे प्रकल्पाला आहेत. विषय ठरला: सौर वादळाने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र ढवळते, तेव्हा वरच्या प्रारण पट्ट्यांचे, म्हणजे त्या क्षेत्रात अडकून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वेगवान कणांच्या वलयांचे, काय होते.

निमित्त अर्थातच मे महिन्याचे. १३६६४ क्रमांकाच्या सौरडागांच्या गटातून ८ मेपासून एकामागून एक सीएमई निघाले. सीएमई म्हणजे सूर्याच्या किरीटातून (बाहेरच्या आवरणातून) उसळलेला प्लाझ्मा, विद्युतभारित कणांचा तप्त वायू, आणि त्याच्यात गुंतून आलेले चुंबकक्षेत्र. मागून निघालेल्यांनी पुढच्यांना वाटेत गाठले आणि सगळा लोंढा १० मे रोजी, अक्षय्य तृतीयेच्या रात्री, साडेदहा वाजून गेल्यावर पृथ्वीवर येऊन थडकला. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या मोजपट्टीवर ते जी५, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचे वादळ ठरले. ऑक्टोबर २००३ नंतरचे पहिलेच. लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. ते फोटो दोघींनीही पाहिले होते.

चर्चा करताना एकीने विचारले, “मॅडम, एवढं मोठं वादळ झालं म्हणजे पट्टेही तेवढेच भरले असतील ना?” मी उत्तर दिले नाही. हाच प्रकल्पाचा प्रश्न म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगितला.

लागणारी माहिती: क्योतो विद्यापीठाचा डीएसटी निर्देशांक (वादळ किती खोल गेले ते सांगणारा आकडा), भूस्थिर कक्षेतल्या अमेरिकी गोज उपग्रहांची इलेक्ट्रॉनांची मोजणी आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची नोंद. हे सगळे अभ्यासासाठी मिळते. शिवाय एक उपकरण आपण स्वतः उभे करायचे. मुलांनी नुसती फाइल उतरवून आलेख काढावा, हे मला पटत नाही. जी राशी मोजायची तिचा हाताला अंदाज यायला हवा.

२१ जून

आज डीएसटी समजून घेतला. होनोलुलू, सान हुआन, हर्मानस आणि काकिओका या चार वेधशाळा विषुववृत्तापासून थोड्या लांब, वेगवेगळ्या रेखांशांवर आहेत. तिथल्या चुंबकक्षेत्राच्या क्षैतिज, म्हणजे जमिनीला समांतर, घटकातून रोजचा नेहमीचा चढउतार वजा करून तासागणिक सरासरी काढतात. शांत दिवशी ती शून्याच्या आसपास असते. ११ मेला जागतिक वेळेने पहाटे, आपल्याकडे सकाळचे आठ वाजत होते तेव्हा, ती उणे ४१२ नॅनोटेस्लापर्यंत (नॅनोटेस्ला हे चुंबकक्षेत्र मोजण्याचे एकक) उतरली. तसाच, पण मिनिटागणिक काढला जाणारा सिम-एच निर्देशांक उणे ५१८ पर्यंत गेला.

ही घट येते कुठून? सौरवाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्मातले, चुंबकक्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तरेकडे रोखलेल्या क्षेत्राशी दिवसाच्या बाजूला जोडले जाते. डंगी यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली. एकदा ही जोडणी झाली की सौरवाऱ्याची ऊर्जा चुंबकावरणात (पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा अंमल चालतो त्या प्रदेशात) शिरते आणि रात्रीच्या बाजूचे आयन आत ढकलले जातात. प्रोटॉन आणि ऑक्सिजनचे आयन पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन्ही मिळून पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा विद्युतप्रवाह तयार होतो. हा वलयप्रवाह. त्याचे क्षेत्र जमिनीवर पृथ्वीच्या क्षेत्राच्या विरुद्ध पडते, म्हणून क्षैतिज घटक घटतो. घट होण्याआधी एक छोटी, तीव्र उसळी येते. लोंढा थडकला की चुंबकावरण दबते, त्याची ती खूण.

सीएमईतले क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असेल तर तेवढाच वेगवान लोंढा बराचसा बाजूने निघून जातो. म्हणून सूर्यावर स्फोट दिसला तरी वादळ किती मोठे होईल हे आधी सांगता येत नाही. क्षेत्राची दिशा कळते ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या एल-१ बिंदूपाशी, म्हणजे जेमतेम अर्धा-पाऊण तास आधी. आपले आदित्य-एल१ यान ६ जानेवारीपासून तिथेच आहे, आणि मे महिन्याचे वादळ त्याच्या उपकरणांनीही टिपले.

दोघींना एक हिशेब दिला. डेसलर, पार्कर आणि स्कोप्के यांच्या सूत्राने डीएसटीवरून वलयप्रवाहातली ऊर्जा काढायची. उणे ४१२ साठी सुमारे १.६ × १०^१६ जूल आले. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने अखंड चालवला तर एवढी ऊर्जा मिळायला तीन महिने लागतील. जमिनीत उपजणाऱ्या प्रवाहांचा भाग वगळला की आकडा थोडा खाली येतो, पण साधारण आवाका तोच राहतो.

२७ जून

उपकरण ठरले. एका धाग्याला टांगलेले चुंबक उत्तर-दक्षिण बसते आणि दिशा सांगते. आपल्या अक्षांशावर वादळात दिशा फारशी ढळत नाही, घटते ती क्षैतिज तीव्रता. म्हणून दुहेरी टांगणी करायची: चुंबक दोन समांतर तारांना लटकवायचे आणि वरचा आधार पिळून त्याला पूर्व-पश्चिम आणून थांबवायचे. पृथ्वीचे क्षेत्र चुंबकाला उत्तरेकडे ओढते, तारांचा पीळ उलट दिशेला. क्षेत्र किंचित घटले की पीळ वरचढ होतो आणि चुंबक वळते. गाउसच्या काळापासून वेधशाळांमध्ये क्षैतिज तीव्रतेसाठी ही रचना वापरात होती.

गणित करून पाहिले. आपल्याकडे क्षैतिज घटक सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला. पीळ ४५ अंशांचा ठेवला तर ३०० नॅनोटेस्लाच्या घटीला चुंबक १/१२७ रेडियन वळेल. चुंबकावर आरसा चिकटवून लेसर पाडला तर किरण त्याच्या दुप्पट वळतो. भिंत तीन मीटरवर असेल तर ठिपका सुमारे पावणेपाच सेंटीमीटर सरकेल. साध्या मोजपट्टीने वाचता येईल. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा दोघींचे चेहरे पाहण्यासारखे होते, आणि मलाही तितकाच आनंद झाला.

२ जुलै

चुंबक कोणते घ्यायचे यावर बराच वेळ गेला, पण तो घालवण्याजोगाच होता. फेराइट चुंबकाची शक्ती तापमान एक अंशाने वाढले की सुमारे ०.२ टक्के घटते. आपल्या उपकरणावर ती ७५ नॅनोटेस्लाच्या वादळासारखी दिसेल, म्हणजे दुपारच्या उकाड्यात रोजच एक खोटे वादळ. अल्निकोत हा परिणाम साधारण दहापटीने कमी. प्रयोगशाळेतले लाल रंगाचे जुने पट्टीचुंबक अल्निकोचेच आहेत, त्यांतले एक घेतले. तारेसाठी नायलॉन नको, कोकणातल्या पावसाळी हवेत ते ओल धरते आणि सैल पडते. बारीक तांब्याची तार घेतली. तळमजल्यावरची बंद खोली मिळाली. लोखंडी कपाट बाहेर काढले, खिडकीचे गज आहेत तसेच राहतील. जे हलत नाही त्याची चिंता नाही.

१४ जुलै

कुलाब्याचा इतिहास. यावर प्रस्तावनेत स्वतंत्र प्रकरण हवे असे मी ठरवले आहे.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बांधली आणि १८४० च्या दशकात तिथे चुंबकीय मोजणी सुरू झाली. माणसे दुर्बिणीतून पट्टी वाचून वहीत आकडे लिहीत. ढवळाढवळ दिसली की वाचने जवळजवळ घेत. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सौरडागांवर झळकलेला पांढरा प्रकाश पाहिला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर पोहोचले. युरोपातल्या अनेक वेधशाळांच्या खुणा कागदाबाहेर गेल्या. कुलाब्याची नोंद मात्र टिकली: क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली आला आणि थोड्याच वेळात बराचसा वर आला. त्या वादळाची कमी अक्षांशावरची एवढी चांगली नोंद दुसरीकडे नाही. २००३ मध्ये सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि ॲलेक्स यांनी याच वहीवरून त्या वादळाचा डीएसटी उणे १,७६० असावा असा अंदाज मांडला. त्यातले लाखिना आणि ॲलेक्स हे आपल्याच भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले.

पुढे सिस्को आणि सहकाऱ्यांनी दाखवले की डीएसटी ही तासाची सरासरी असते, तर १,६०० ही क्षणिक खोली. तासाची सरासरी घेतली तर आकडा उणे ८५० च्या आसपास येतो. वादही उरतोच: इतक्या झटपट सावरणारी घट निव्वळ वलयप्रवाहाची असेल का? की ध्रुवीय प्रदेशातले प्रवाह त्या दिवशी खूप खाली सरकले होते? मला हा वाद फार मोलाचा वाटतो. एका माणसाने नीट लिहिलेल्या आकड्यांवर दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञ नेमकेपणाने भांडू शकतात.

कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी संपादित करून छापल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकांना नाचवणार हे उघड होते. १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली, आणि लगेच कुलाबा बंद केला नाही. दोन्ही ठिकाणी काही काळ एकाच वेळी मोजून सांधा जुळवला. त्यामुळेच मालिका अखंड मानता येते. अलिबागच्या इमारतीत लोखंड नाही आणि सह्याद्रीचा काळा दगडही नाही, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते. पोरबंदरचा दगड आणून ती बांधली.

२३ जुलै

टांगणी उभी राहिली. ठिपका हलायला लागला की थांबतच नाही, म्हणून चुंबकाखाली तांब्याची जाड पट्टी ठेवली. चुंबक हलले की पट्टीत प्रवाह उपजतात आणि डोलणे मुरते. खोलीबाहेर दुचाकी आणून लावली की ठिपका सरकतो. दोघींनी वेगवेगळ्या अंतरांवर गाडी उभी करून तक्ता केला. ट्राम नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे आता त्यांना वाचून नव्हे, पाहून कळले आहे.

३० जुलै

आता वरचे जग.

१९५८ च्या सुरुवातीला एक्सप्लोरर-१ उपग्रहातला कण मोजणारा गायगर गणित्र एका उंचीच्या वर गेला की शून्य दाखवू लागे. जेम्स व्हॅन ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ च्या नोंदी हाती आल्यावर, उलगडा केला: कण कमी नव्हते, इतके जास्त होते की गणित्र गुदमरून गप्प होत होता. असे पट्टे दोन. आतल्यात मुख्यतः जबर ऊर्जेचे प्रोटॉन. वैश्विक किरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रॉन सुटतात, त्यांच्या विघटनातून हे प्रोटॉन सावकाश जमा होतात. हा पट्टा बराच स्थिर. बाहेरच्यात इलेक्ट्रॉन, आणि तो तासागणिक रूप बदलू शकतो. मध्ये पृथ्वीच्या केंद्रापासून साधारण दोन ते तीन त्रिज्यांवर एक मोकळी फट असते.

जागा सांगायला ‘एल’ वापरतात: चुंबकीय बलरेषा विषुववृत्ताच्या प्रतलात पृथ्वीच्या किती त्रिज्यांवर पोहोचते तो आकडा. दोघींना अलिबागचा एल काढायला लावला. चुंबकीय अक्षांश सुमारे १० अंश, म्हणून एल आला १.०३. म्हणजे अलिबागहून निघालेली बलरेषा जेमतेम २०० किलोमीटर वर जाते आणि विषुववृत्त ओलांडून पलीकडे उतरते. पट्ट्यांपर्यंत ती पोहोचतच नाही. बाहेरच्या पट्ट्यातले कण ज्या रेषांना बांधलेले आहेत, त्या जमिनीला टेकतात साधारण ५५ अंशांच्या पुढे. आपले चुंबक वलयप्रवाहाची दुरून पोहोचणारी छाया पाहते, कण पाहत नाही. आणि पट्ट्यांतल्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांची एकूण ऊर्जा वलयप्रवाहाच्या मानाने इतकी किरकोळ आहे की डीएसटीत त्यांचा मागमूस लागत नाही.

एकीने लगेच विचारले, “म्हणजे मॅडम, आपलं उपकरण आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकणार नाही?” बरोबर आहे तिचे. ते वादळ कधी आले आणि किती खोल गेले हे सांगेल. पट्ट्यांसाठी वरचीच नोंद लागेल.

१३ ऑगस्ट

काल चांगले वादळ झाले, केपी (पृथ्वीभरच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ असा निर्देशांक) ८ पर्यंत गेला. ठिपका डावीकडे सरकत गेला आणि सावरायला आजची सकाळ उजाडली. पहिली खरी नोंद. वहीत वेळ आणि मिलीमीटर, दोघींच्या सह्या.

९ सप्टेंबर

गणपतीच्या सुटीत वाचन. मुख्य प्रश्नाचे उत्तर इथे हळूहळू उघडते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जेफ रीव्हज आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १९८९ ते २००० या काळातली २७६ वादळे तपासली. अपेक्षा अशी होती की वादळ झाले की बाहेरचा पट्टा भरतो. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या वादळांनंतर इलेक्ट्रॉन वाढले, पाव वादळांनंतर घटले आणि पाव वादळांनंतर फारसा फरक पडला नाही. वादळाच्या खोलीचा आणि या निकालाचा थेट संबंध लागला नाही.

असे का, हे कळायला इलेक्ट्रॉनाच्या तीन हालचाली पाहाव्या लागतात. तो बलरेषेभोवती गिरक्या घेतो, सेकंदाला हजारोंच्या संख्येने. त्याच वेळी उत्तर-दक्षिण टोकांमध्ये ये-जा करतो, एका फेरीला सेकंदाहून कमी वेळ. आणि हळूहळू पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकतो. दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एक एमईव्ही ऊर्जेचा असेल तर साधारण पाव तासात एक प्रदक्षिणा. वादळात वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी उठतात, आणि जी लहर ज्या हालचालीच्या लयीशी जुळते ती त्या हालचालीला हात घालते.

कोरस नावाच्या किलोहर्ट्‌झ पल्ल्यातल्या लहरी गिरक्यांशी जुळतात आणि मध्यम ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांना काही तास ते काही दिवसांत एमईव्हीपर्यंत चढवतात. मिनिटांच्या आवर्तनाच्या मंद लहरी प्रदक्षिणेशी जुळून त्यांना आत किंवा बाहेर ढकलतात. आयनांमुळे उठणाऱ्या आणखी एका प्रकारच्या लहरी इलेक्ट्रॉनांची दिशा बिघडवून त्यांना वातावरणात सांडतात. आणि लोंढ्याच्या दाबाने चुंबकावरणाची सीमा आत सरकली की जे कण पूर्वी सुरक्षित फिरत होते, त्यांचा मार्ग सीमेबाहेर जातो आणि ते कायमचे हातातून जातात. १० मे रोजी ही सीमा ६.६ त्रिज्यांवरच्या भूस्थिर कक्षेच्याही आत आली होती. म्हणजे भरणे आणि गळणे एकाच वादळात, एकाच रात्री चालू असते. शेवटी उरते ती वजाबाकी.

आणखी एक सावधगिरी. वलयप्रवाहाने आतले क्षेत्र कमजोर झाले की कण आपोआप बाहेर सरकतात, त्यांची ऊर्जा घटते आणि ठरावीक जागी बसलेल्या उपग्रहाला ते कमी झाल्यासारखे वाटतात. अलिबागला ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, म्हणून समुद्र आटला असे कोणी म्हणत नाही. क्षेत्र सावरले की हे कण परत येतात. खरी हानी किती आणि ही तात्पुरती माघार किती, हे वेगळे काढल्याशिवाय आकड्यांवर बोलायचे नाही, असे मी दोघींना बजावले आहे.

इतिहासातली दोन उदाहरणे अहवालात हवीच. २४ मार्च १९९१ रोजी सौरवाऱ्यातला एक जबर धक्का आला आणि फटीच्या जागी, एल २.५ च्या आसपास, १० एमईव्हीहून जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा नवा पट्टा काही मिनिटांत उभा राहिला. क्रेस उपग्रह नेमका तिथे होता म्हणून कळले. दुसरे: ३० ऑगस्ट २०१२ रोजी व्हॅन ॲलन प्रोब्ज ही यानांची जोडी सोडल्यावर काही दिवसांतच दोन पट्ट्यांच्या जोडीला तिसरा दिसला. साधारण चार आठवडे टिकला आणि पुढच्या धक्क्यात पुसला गेला. उपकरण जरा आधी सुरू केले म्हणून हा पट्टा हाती लागला. २०१९ मध्ये या दोन्ही यानांचे इंधन संपले. म्हणजे या वर्षीच्या मेमध्ये, वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या वादळात, ती जोडी पट्ट्यांत नव्हती. जपानचे अरासे यान आहे, तेवढाच आधार. मला या गोष्टीची मनापासून हळहळ वाटते.

११ ऑक्टोबर

कालची रात्र.

९ तारखेला पहाटे (जागतिक वेळेने) सूर्यावर एक्स१.८ ज्वाला (एक्स ही सर्वांत तीव्र श्रेणी) झाली आणि तिच्याबरोबरचा सीएमई थेट पृथ्वीच्या दिशेने निघाला. काल संध्याकाळपासून दोघी एकीच्या आईसोबत खोलीत थांबल्या. प्राचार्यांची परवानगी आधीच घेतली होती. पावणेनऊच्या सुमारास ठिपका एकदम उजवीकडे उडाला. मोठा नाही, सेंटीमीटरभरही नव्हे, पण इतका ताठ आणि झटकन की दोघी एकदम ओरडल्या. मग काही वेळ थरथर. नंतर डावीकडे उतार सुरू झाला. बाहेर नवरात्राचा गरबा चालू होता, वाहने येत-जात होती. त्यांचे झटके क्षणात येऊन परत फिरत. वादळ परत फिरत नाही, ते रेंगाळत खाली जाते. हा फरक तासाभरात डोळ्यांना कळू लागला.

सकाळी सातच्या आसपास ठिपका सर्वांत डावीकडे होता. क्योतोचा तात्पुरता डीएसटी उणे ३३० च्या पुढे गेला आहे आणि वेळ आमच्याशी जुळते. आमची घट मिलीमीटरमधून नॅनोटेस्लात आणताना तापमानाची दुरुस्ती केली. त्या वेळी भारत पहाटेच्या बाजूला होता हेही लक्षात घ्यायचे: वादळाच्या ऐन भरात वलयप्रवाह सगळीकडे सारखा नसतो, संध्याकाळच्या बाजूला तो जास्त दाट असतो. म्हणून आपली घट आणि डीएसटी तंतोतंत जुळण्याची अपेक्षा धरू नये. हानलेहून पुन्हा लाल प्रकाशाची बातमी आली आहे.

२१ नोव्हेंबर

परीक्षा संपल्या. आलेखांचे काम.

जर्मनीतील पोट्सडॅमची संस्था दर महिन्याचे सर्वांत शांत दिवस जाहीर करते. त्या दिवसांची सरासरी वजा करून रोजचा नेहमीचा चढउतार काढला. दिवसा आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तापते, वाऱ्याने त्यात प्रवाह वाहतात आणि दुपारी क्षैतिज घटक काही दहा नॅनोटेस्लांनी वर जातो. तो काढल्याशिवाय छोटी वादळे दिसतच नाहीत.

मग यंदाच्या वादळांची डीएसटीची खोली एका अक्षावर आणि त्यानंतरच्या दिवसांतला गोज उपग्रहाचा २ एमईव्हीवरच्या इलेक्ट्रॉनांचा कमाल आकडा दुसऱ्यावर घेतला. ठिपके कुठल्याच रेषेवर बसत नाहीत. काही मध्यम वादळांनंतर, जिथे मागून वेगवान सौरवारा दिवसचे दिवस वाहत राहिला, तिथे इलेक्ट्रॉन चांगलेच वाढले. या वाढीचे धोके जुने आहेत. जानेवारी १९९४ मध्ये अशाच वेगवान वाऱ्यानंतर कॅनडाच्या अनिक ई-१ आणि ई-२ या दोन दूरसंचार उपग्रहांचा तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडली. जबर इलेक्ट्रॉन आवरण भेदून आत जातात, विद्युतरोधक भागांत साठतात आणि एके दिवशी ठिणगी पडते. ई-१ काही तासांत परत ताळ्यावर आला, ई-२ ला महिने लागले. आपल्या ‘नाविक’ या दिशादर्शन प्रणालीचे उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, याच पट्ट्याच्या बाहेरच्या काठाशी फिरतात.

दोघींना निकाल नकारार्थी वाटतो आहे. माझ्या मते तो निकालच आहे, आणि तो तसाच छापायचा.

८ फेब्रुवारी २०२५

आज मोठी बातमी वाचली आणि दोघींना तातडीने बोलावले.

कोलोराडो विद्यापीठाच्या शिन्लिन ली आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आहे. त्यांचा सर्बी नावाचा छोटा क्यूबसॅट एप्रिल २०२३ पासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर फिरत होता. एप्रिल २०२४ मध्ये त्यात बिघाड झाला आणि ऐन मे महिन्याच्या वादळात तो गप्प होता. जूनच्या मध्यावर तो आपण होऊन पुन्हा बोलू लागला, आणि त्याच्या नोंदींत दोन नवे पट्टे दिसले. दोन्ही नेहमीच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या भागात. एक १.३ ते ५ एमईव्ही इलेक्ट्रॉनांचा, एल २.५ ते ३.५ च्या दरम्यान. दुसऱ्यात ६.८ ते २० एमईव्हीचे प्रोटॉन. इलेक्ट्रॉनांचा पट्टा जूनअखेरच्या आणि ऑगस्टमधल्या वादळांनी विरत गेला, तरी तीन महिने टिकला. प्रोटॉनांचा पट्टा ऑक्टोबरमध्ये यान वातावरणात जळेपर्यंत होताच.

आमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे, आणि ते आम्ही धरलेल्या दोन्ही टोकांच्या मधोमध आहे. जमिनीवर एल १.०३, वर भूस्थिर कक्षेत ६.६. नवे पट्टे या दोन्हींच्या मध्ये, इलेक्ट्रॉनांचा ३ च्या आसपास. डीएसटीला ते दिसत नाहीत कारण त्यांचा प्रवाह नगण्य. गोजला दिसत नाहीत कारण ते तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. ५०० किलोमीटरवरच्या यानाला दिसतात, कारण ध्रुवाकडे जाताना ते दर फेरीत सगळ्या एलच्या रेषा ओलांडते.

एवढ्या आत कण का टिकले, यावर दोघींनी स्वतःच विचार केला. मोठ्या वादळात पृथ्वीभोवतीचा थंड, दाट प्लाझ्माचा थर खरवडला जातो आणि त्याची बाहेरची कड आत सरकते. एरवी कोरस लहरी या कडेच्या बाहेर जोरात असतात. कड आत गेली की त्या लहरींनाही आतवर वाट मिळते, आणि नेहमी मोकळ्या असणाऱ्या फटीत इलेक्ट्रॉन चढवले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ च्या वादळांत फट अशीच भरली होती. एवढ्या आत चुंबकावरणाच्या सीमेचा धोका नाही आणि सांडवणाऱ्या लहरी सावकाश काम करतात, म्हणून एकदा आलेले कण आठवडे-महिने राहतात. म्हणजे वादळाची खोली आणि पट्टे यांचा संबंध आहे, पण तो ‘किती भरले’ याच्याशी कमी आणि ‘किती आतवर’ याच्याशी जास्त. भूस्थिर कक्षेकडे जाणारे बहुतेक उपग्रह लंबगोल कक्षेत या भागातून पुन्हा पुन्हा जातात, तेव्हा हा मुद्दा पुस्तकी नाही.

नोव्हेंबरचा आलेख अहवालात राहणार. फक्त त्याखालचे वाक्य बदलले: “भूस्थिर कक्षेतील इलेक्ट्रॉन आणि डीएसटीची खोली यांत सरळ संबंध आढळला नाही; एल २ ते ४ मधील बदल या मोजणीत समाविष्ट नाहीत.”

१९ मार्च

तोंडी परीक्षा झाली. बाह्य परीक्षकांनी बराच वेळ टांगणीपाशी घालवला. पीळ ४५ च का, ६० का नको, असे विचारले. जास्त पिळाला संवेदनशीलता वाढते पण चुंबक अस्थिर होऊ लागते, हे एकीने फळ्यावर सूत्र मांडून सांगितले. दुसरीला विचारले की महाराष्ट्रातून कधी ध्रुवीय प्रकाश दिसेल का. तिने ४ फेब्रुवारी १८७२ चे वादळ सांगितले, तेव्हा मुंबईहून तो दिसल्याची नोंद आहे, आणि त्या दिवसाचे कुलाब्याचे चुंबकीय आकडेही उपलब्ध आहेत.

पुढच्या बॅचसाठी काम: १८७२ च्या वादळाची कुलाब्याची वाचने मूस यांच्या खंडातून काढून तासाच्या सरासरीत बसवणे. आणि टांगणीजवळ तापमापक कायमचा लावणे, म्हणजे दुरुस्ती रोजच्या नोंदीतच होईल.